वरणभातावरच्या गोगलगाई

"तुमच्यापैकी कोणाच्या घरी शांतता असते?" असं सरदार मानसिंगरावांनी विचारलं, तेव्हा शिकारखान्याच्या कचेरीतले जुने कारकून एकदम कामाला लागले. कोणी टाक साफ करायला घेतला, कोणी दौतीत डोकावून बघू लागला. सरदारांच्या अशा प्रश्नामागून नेहमी एखादं जनावर येतं, हे सगळ्यांना अनुभवानं ठाऊक होतं. बळवंतराव ओळंबे यांनाही ठाऊक होतं. पण त्या दिवशी त्यांनी ठरवलं की आपण मान वर करायची. एवढंच ठरवलं. माणसानं आयुष्यात फारसं काही ठरवू नये ते याचसाठी.

मान वर करायला कारणही तसंच होतं. सरदारांच्या हवेलीतल्या देवघराचे कारकून नोकरी सोडून काशीला जाऊन राहिले होते आणि त्या रिकाम्या जागेसाठी बळवंतरावांनी अर्ज घातला होता. देवघराच्या कारकुनाला काम ते काय? फुलं आली का, तूप पुरलं का हे बघायचं, आणि दुपारी संगमरवरी फरशीवर पाठ टेकून प्रसादाचा पेढा खायचा. शिकारखान्यात मात्र शिकारी कुत्री होती, बहिरी ससाणे होते आणि एक म्हातारा चित्ता होता. चित्त्याला दात उरले नव्हते असं सगळे सांगत, पण बळवंतराव कधी खात्री करायला गेले नाहीत. त्यांना जनावरांची भीती वाटे. थट्टेवारी नेण्यासारखी नव्हे, अगदी खरी. रोज सकाळी कचेरीच्या फाटकाशी आले की ते आधी आत एखादं जनावर सुटलेलं तर नाही ना हे डोकावून बघत, आणि आपण पुरुषमाणूस असून आपलं असं व्हावं याची त्यांना मनातून फार लाज वाटे. त्यात संध्याकाळी दाना ओली या गल्लीतल्या घरी परतलं की कुटुंब शिकारखान्याचा विटाळ नको म्हणून त्यांना मागच्या अंगणात उभं करून, डोक्यावरून पाणी ओतल्याशिवाय आत घेत नसे. दिवसभर कुत्र्यांना भ्यायचं आणि संध्याकाळी वनमालाबाईंना, असं लग्नापासून चाललं होतं. देवघराची जागा मिळाली असती तर निदान एक भीती कमी झाली असती.

"ओळंबे, तुमच्याकडे आहे शांतता?" सरदार म्हणाले.

"जी सरकार. शांतताच शांतता." (हे तसं खोटं नव्हतं. घरात बोलायच्या त्या एकट्या वनमालाबाई. दुसरा आवाजच नसे.)

सरदारांनी टाळी वाजवली आणि हुजऱ्यानं एक काचेची हंडी आणून ठेवली. जुन्या झुंबराची होती, गळ्याशी सोनेरी काठ असलेली. तिच्यात पाणी होतं आणि पाण्यात बोटाएवढा एक मासा होता. अंग निळं, शेपूट लाल, आणि ती शेपूट लग्नातल्या शेल्यासारखी मागे लोळत होती. त्यानं बळवंतरावांकडे पाहिलं आणि गाल फुगवले. बळवंतराव एक पाऊल मागे सरले.

"हा सयामचा लढाऊ मासा," सरदार म्हणाले. "कलकत्त्याहून आणलाय. नाव रुस्तुम. आरशात स्वतःला पाहिलं तरी अंगावर धावतो, असा मर्द. आम्ही उन्हाळ्यापुरते दरबाराबरोबर शिवपुरीला चाललो. हवेलीत ठेवावा तर आईसाहेबांनी माळ घातलेली, त्यांना मासा नजरेसमोर नको. तेव्हा तुम्ही न्या. खायला जिवंत लागतं, हे ध्यानात ठेवा. डासांच्या अळ्या, बारीक किडे, जे हलेल ते. पाऊस लागला की आम्ही येऊ. मासा असाच दिसला पाहिजे. मग तुमच्या त्या देवघराचं बघू."

बळवंतराव टांग्यात हंडी मांडीवर घेऊन बसले आणि वाटेत एकदाही खाली बघितलं नाही.

घरी हंडी ओसरीवरच्या कोनाड्यात बसली. वनमालाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, त्यांनी माशाला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि पहिलाच प्रश्न मुद्द्याचा विचारला.

"हा खातो काय?"

बळवंतरावांनी खरं सांगायला तोंड उघडलं. पण स्वयंपाकघरातून हिंगाच्या फोडणीचा वास आला, समोर वनमालाबाईंच्या कपाळावरचं चिरीसारखं कुंकू दिसलं, देव्हाऱ्यातली समई दिसली, आणि जीभ आपोआप वळली.

"वरणभात," ते म्हणाले.

"मासा? वरणभात?"

"सयामचा आहे. तिकडे सगळे बौद्ध. अहिंसा वगैरे फार पाळतात."

"कमाल आहे," वनमालाबाई म्हणाल्या. त्यांचा जन्म इथल्याच लष्कर नावाच्या पेठेतला, आजूबाजूला सगळी हिंदी बोलणारी वस्ती, त्यामुळे त्यांच्या मराठीत हिंदी आपल्या घरचंच असल्यासारखं वावरे. "आणि आपल्याकडचे मासे बघा, बिलकुल बेशरम. काहीही खाऊन घेतात."

त्या दिवसापासून देवाला नैवेद्य दाखवून झाला की रुस्तुमचं पान वाढलं जाऊ लागलं. पान म्हणजे काय, भाताची चार मऊ शितं, त्यावर वरणाचा थेंब, आणि सणवार असेल तर तुपाचा. हंडीत हे सगळं सोडायचं आणि वनमालाबाईंनी "सावकाश होऊ दे" म्हणायचं. सरदारांच्या घरचा पाहुणा होता, काही कमी पडून कसं चालेल?

दोन-चार दिवसांत काचेवर हिरवट शेवाळ धरलं. ते पुसायचं तर हंडीत हात घालायला हवा, आणि हंडीत रुस्तुम होता. बळवंतरावांनी बाहीसुद्धा वर केली, पण मासा गाल फुगवून त्यांच्या करंगळीकडे अशा काही नजरेनं बघू लागला की त्यांनी बाही पुन्हा खाली केली. मग त्यांना एक युक्ती सुचली. (बळवंतरावांना युक्त्या सुचत. तीच त्यांची मुख्य अडचण होती.) सागरताल या तळ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ चाटत फिरणाऱ्या गोगलगाई त्यांनी पाहिल्या होत्या. काच चाटायला त्याच का ठेवू नयेत? पगार नको, बाही वर करायला नको. रविवारी ते पितळी डबा घेऊन गेले आणि ओंजळभर गोगलगाई घेऊन आले. येताना डब्याचं झाकण त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं, न जाणो एखादी धावून यायची.

गोगलगाईंनी काच चाटली, पण फार दिवस नाही. चौथ्या दिवशी त्या सगळ्या काचेवरून उतरून तळाशी जाऊन बसल्या आणि शेवाळ पुन्हा वाढू लागलं. बळवंतरावांनी त्याकडे लक्ष दिलं नाही, कारण दुसरीकडून सगळं उत्तम चाललं होतं. रोज संध्याकाळी ते हंडीत बघत तेव्हा भाताचं एक शीतही शिल्लक नसे.

आता आपल्यात पानावरची रीत सगळ्यांना माहीत आहे. पान स्वच्छ केलं म्हणजे पाहुणा तृप्त झाला. आणि पान स्वच्छ दिसलं की वाढणाऱ्यानं पुन्हा आग्रह करायचा, नाहीतर घराण्याची अब्रू जाते. वनमालाबाई तर आग्रहासाठी साऱ्या दाना ओलीत प्रसिद्ध होत्या. त्यांच्या पंगतीतून उठलेले लोक भिंत धरून घरी जात. त्यांनी रुस्तुमला चाराची आठ शितं केली, मग मूठभर भात. पान स्वच्छच. "घास मोजून खाणाऱ्यांतला नाही हो तो," त्या अभिमानानं शेजारणींना सांगत. "माझ्या हातचं वरण त्याला फार पसंत आहे." लग्न झाल्यापासून बळवंतरावांनी त्यांच्या वरणाला कधी नुसतं "छान" म्हटलं नव्हतं. तेव्हा एका परदेशी माशानं ती दाद द्यावी, याचं त्यांना खरोखर सुख झालं होतं.

फक्त मासा बारीक दिसू लागला होता. अंगाचा निळा रंग उतरला होता, आणि तो लाल शेला धुऊन आटल्यासारखा झाला होता. "उन्हाळा बाधतोय," बळवंतराव म्हणाले आणि हंडीवर ओलं फडकं टाकलं.

शेजारचे दौलतसिंह हे फौजेतून निवृत्त झालेले रिसालदार. मिशा अजून नोकरीत असल्यासारख्या ताठ. ते एके दुपारी ताक मागायला आले, हंडीपाशी थबकले आणि मिशीला हात लावून उभे राहिले.

"बळवंतराव, हा सिपाही भूखा आहे."

"छे हो. रोज पान साफ करतो."

"पान साफ होतं ते खरं. करतं कोण, ते पाहिलंत?"

ते बळवंतरावांनी पाहिलं नव्हतं. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसू नये अशी त्यांना लहानपणापासूनची शिकवण. दौलतसिंहांनी स्वयंपाकघरातून भात मागवला आणि दोघे हंडीसमोर बैठक मारून बसले. भाताचं शीत पाण्यात पडलं. रुस्तुम धावून आला, त्यानं शीत तोंडात घेतलं, क्षणभर विचार केला आणि थुंकून टाकलं. शीत हेलकावे खात तळाशी गेलं. तिथे गोगलगाई वाटच बघत होत्या. त्या आता सागरतालावरून आणल्या तेव्हासारख्या राहिल्या नव्हत्या. शंख चकचकीत झाले होते, अंगं कवचाबाहेर मावत नव्हती, आणि पोराबाळांचा विस्तारही बराच झाला होता. सगळ्या मिळून शितावर बसल्या.

"फौज उपाशी मरतेय आणि बाजारबुणगे पंगत झोडतायत," दौलतसिंह म्हणाले. "याला गोश्त पाहिजे. सांगा तर मी घरून जरासा खिमा..."

"हळू बोला," बळवंतराव म्हणाले. पण वनमालाबाई ताकाचा गडू घेऊन दारातच उभ्या होत्या, आणि नेमक्या त्याच वेळी रुस्तुमनं भुकेच्या भरात एका गोगलगाईचं शिंग पकडून ओढलं. ती बिचारी झटकन कवचात शिरली.

"हाच का तुमचा बौद्ध?" वनमालाबाई म्हणाल्या.

दौलतसिंहांनी गडू घेतला आणि ताक न पिताच घरी गेले. फौजेतला माणूस, माघार कधी घ्यायची ते त्यांना कळत होतं.

मग बळवंतरावांनी सगळं सांगितलं. अळ्या, किडे, जे हलेल ते. वनमालाबाई आरडाओरडा करतील अशी त्यांची अपेक्षा होती, आणि त्याला ते तयारही होते. पण त्या खांबाला टेकून बसल्या आणि हंडीच्या तळाकडे बघत राहिल्या. ते जास्त वाईट होतं.

"म्हणजे त्याला माझं वरण आवडतच नव्हतं," त्या म्हणाल्या.

"अगं, तो मासा आहे."

"तुम्ही तर मासा नाही ना? खोटं बोलून माझ्याजवळून रोज पान वाढवून घेतलंत. मी साऱ्या मोहल्ल्याला सांगून बसले." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माणूस सरदारांच्या माशाला भितो, चित्त्याला भितो, पण बायको रडायला लागली की त्याला या सगळ्या भीत्या बऱ्या वाटतात.

डोळे पुसून झाल्यावर मात्र वनमालाबाईंनी हुकूम सोडले. मासा मेला तर देवघराची जागा गेली, हे त्यांनाही कळत होतं, आणि मागच्या अंगणातल्या त्या पाण्याच्या बादल्यांचा त्यांनाही कंटाळा आला होता. म्हणून माशाला त्याचं खाणं मिळेल. पण ते घरात शिजणार नाही, घरात येणार नाही, आणि ज्यानं खोटं सांगितलं त्यानंच ते आपल्या हातानं भरवायचं. नंतर आंघोळ. गोगलगाईंचं वरणभात मात्र चालू राहील.

"त्यांना कशाला?"

"त्यांनी पान टाकलं नाही कधी," वनमालाबाई म्हणाल्या. "त्यांनाच कदर आहे."

खिमा घरात येणं शक्यच नव्हतं, तेव्हा उरल्या अळ्या. बळवंतरावांनी मागच्या अंगणात एक जुनं घंगाळ पाण्यानं भरून उघडं ठेवलं आणि डासांची वाट बघत बसले. डासांना बोलावणं लागत नाही. आठवडाभरात घंगाळात अळ्यांची नुसती वळवळ सुटली. बळवंतराव रोज सकाळी डोळे मिटून त्यात चहाची गाळणी घालत आणि डोळे मिटूनच ती हंडीत उलटी करत. (दोनदा ती हंडीशेजारच्या दौतीत उलटी झाली, पण ते असो.) रुस्तुम पहिल्याच दिवशी अळ्यांवर असा तुटून पडला की बळवंतरावांनी एक डोळा उघडून बघितलं. काही दिवसांत त्याचा निळा रंग परत आला आणि शेला पुन्हा लोळू लागला.

पण घंगाळातल्या सगळ्याच अळ्या काही रुस्तुमच्या वाट्याला येत नव्हत्या. उरलेल्या मोठ्या होत, पंख फुटून उडत, आणि दाना ओलीत घरोघरी जात. गल्लीत संध्याकाळी कोणी ओट्यावर बसेना. दौलतसिंह मच्छरदाणीतूनच ताक मागू लागले. अखेर एके सकाळी सफाईचा दारोगा घरोघरचं पाणी तपासत आला, आणि ओळंब्यांच्या घंगाळापाशी येऊन तोंड उघडं टाकून उभा राहिला.

"पंडितजी, ये मच्छर आपने पाले हैं?"

"मेरे नहीं," बळवंतराव छाती पुढे काढून म्हणाले. "सरदार साहब के हैं."

"मच्छर भी?"

"जब तक पानी में हैं, तब तक उनके. उड़ गए तो जनता के."

दारोग्यानं बराच विचार केला. घंगाळ पालथं करावं तर सरदारांच्या मालमत्तेला हात लावल्यासारखं होत होतं, आणि न करावं तर त्याच्या स्वतःच्या मानेवर दोन डास बसलेले होते. शेवटी "वर विचारून येतो" म्हणून तो गेला, तो पुन्हा आलाच नाही. बळवंतरावांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी घाबरवल्यासारखं वाटलं आणि ते दिवसभर खूश होते.

संध्याकाळी वनमालाबाईंनी त्यांना हंडीपाशी बोलावलं. आवाज घरात कोणी गेल्यासारखा होता. तळाशी एक मेलेली अळी पडली होती, आणि त्यांची सगळ्यांत लाडकी, पांढऱ्या पट्ट्याची गोगलगाय तिच्यावर सावकाश बसून जेवत होती.

"बाटली," वनमालाबाई म्हणाल्या.

"कोण?"

"ही. माझ्या वरणभातावर वाढलेली. तुमच्या त्या लढवय्याच्या संगतीनं बाटली. उद्यापासून दोन्ही पंगती अलग. माशाला बाहेर काढून जेवू घाला."

तेव्हापासून बळवंतरावांच्या नाकी नऊ आले. रोज रुस्तुमला गाळणीनं उचलून पाण्यानं भरलेल्या वाटीत ठेवायचं, घंगाळापाशी न्यायचं, तिथे जेवू घालायचं आणि परत आणून सोडायचं. गाळणी ते होईल तितकी अंगापासून लांब धरत, आणि त्या गाळणीत रुस्तुम गाल फुगवून बसलेला. तरी त्यांनी ते केलं. घाबरत केलं, पण चुकवलं नाही. देवघराची संगमरवरी फरशी डोळ्यांसमोर आणायची आणि चालत राहायचं.

आषाढ लागला. दशमीच्या सकाळी हुजऱ्या निरोप घेऊन आला की सरकार शिवपुरीहून परतलेत, द्वादशीला मासा हवेलीवर घेऊन या. बळवंतरावांना इतका आनंद झाला की त्यांनी वाटी घंगाळाच्या काठावर टेकवली आणि धोतराचा सोगा सावरायला एक हात सोडला. रुस्तुमनं वाटीतून खाली पाहिलं. खाली घंगाळभर अळ्या होत्या. त्यानं उडी मारली.

घंगाळ मोठं, पाणी हिरवं, आणि मासा बोटाएवढा. बळवंतराव गाळणी घेऊन, वनमालाबाई तांदूळ धुवायची रोळी घेऊन आणि दौलतसिंह भिंतीवरून सूचना देत, अशी दुपारपर्यंत मोहीम चालली. सापडला तेव्हा रुस्तुम रुस्तुम राहिला नव्हता. पोट बुंदीच्या लाडवासारखं गोल झालं होतं आणि घंगाळात औषधालाही अळी उरली नव्हती. हंडीत सोडल्यावर तो एका कुशीवर कलंडला आणि तसाच तरंगत राहिला. गोगलगाई मान उंचावून त्याच्याकडे बघू लागल्या.

"गेला," बळवंतराव ओसरीवरच बसले. "देवघर गेलं. आता मी त्या चित्त्यापाशीच मरणार."

"कोणी जात नाही," वनमालाबाई म्हणाल्या. "याला काय झालंय ते मला कळतं. माझ्या पंगतीतून उठलेल्यांचं असंच होतं. उद्या एकादशी आहे. या घरात उद्या कोणी जेवत नाही. हाही जेवणार नाही."

"आणि गोगलगाई?"

"त्यांना भिजलेला साबुदाणा. त्या काही आजारी नाहीत."

एकादशीला रुस्तुमला कडकडीत उपास घडला. बळवंतरावांनीही त्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीला हात लावला नाही, आणि संध्याकाळपर्यंत हंडीसमोर बसून राहिले. एवढा वेळ ते कोणत्याही जनावराच्या इतक्या जवळ कधी बसले नव्हते. भीती वाटायची राहून गेली होती, आणि हा जगावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. नुसत्या जागेसाठी नव्हे, पण हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. द्वादशीला सकाळी बघतात तो रुस्तुम सरळ पोहत होता. हंडीच्या काचेत त्याला स्वतःची छबी दिसली आणि त्यानं गाल फुगवून तिला दम भरला.

हवेलीवर दोघंही गेली. हंडी बळवंतरावांच्या मांडीवर, आणि ती पडू नये म्हणून बळवंतरावांचे हात वनमालाबाईंनी धरलेले. सरदारांनी मासा पाहिला आणि आनंदानं मांडीवर थाप मारली.

"वा, ओळंबे. नेलात त्याहून तेजदार परत आणलात. आईसाहेब, देवघराची जागा यांनाच देऊन टाकू."

आईसाहेब शेजारीच पाटावर माळ ओढत बसल्या होत्या. माशाकडे त्यांनी पाठ केली होती. त्यांनी माळ थांबवली.

"हा मासा खातो काय?"

"जिवंत अळ्या," सरदार कौतुकानं म्हणाले. "दुसरं तोंडात धरत नाही."

"आणि या ब्राह्मणानं रोज आपल्या हातानं जीव मारून याला घातले? त्याच हातानं आता माझ्या बाळकृष्णाची फुलं निवडणार?"

बळवंतरावांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. घातले म्हणावं तर आईसाहेब गेल्या, नाही म्हणावं तर सरदार गेले. आणि अशा वेळी त्यांना, नेहमीप्रमाणे, युक्ती सुचली.

"आईसाहेब, मी अळीला शिवलोसुद्धा नाही," ते हात जोडून म्हणाले. "मी फक्त त्या तळाच्या गोगलगाईंना वरणभात घालत होतो. सोवळ्यानं."

"मग माझा मासा कोणी जगवला?" सरदारांनी विचारलं.

बळवंतरावांनी वनमालाबाईंकडे बघितलं. वनमालाबाईंनी बळवंतरावांकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. मग पदर सावरून त्या पुढे आल्या.

"मी, सरकार. हे म्हणतात तर तसंच असेल. घरात कोणाला काय पचतं, ते बायकांनाच पाहावं लागतं. फार खाऊन याची तबियत बिघडली, तेव्हा एकादशीचा उपास घडवला. त्यानं बरा झाला."

आईसाहेब पहिल्यांदाच हंडीकडे वळल्या.

"या माशानं आषाढी एकादशी केली?"

"निर्जळी म्हणता येणार नाही," वनमालाबाई म्हणाल्या. "पण अन्न घेतलं नाही."

आईसाहेबांनी माळ डोळ्यांना लावली. जन्मभर मांसाहार करणाऱ्या मुक्या जिवाला जिनं एकादशी घडवली, तिचा हात देवघराला लागलाच पाहिजे, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. फुलं, तूप, नैवेद्य, प्रसाद, उद्यापासून सगळं वनमालाबाईंकडे. कारकुनाची वेगळी गरजच काय? मासाही बाईंनीच सांभाळावा, दर एकादशीला उपास घालून. सरदारांनीही मान डोलावली. वनमालाबाई संगमरवरी फरशीवर बसल्या आणि त्यांच्या हातावर कोणीतरी पेढा ठेवला.

"आणि मी, सरकार?" बळवंतरावांनी विचारलं.

"तुम्ही गोगलगाई उत्तम पोसल्यात. आणखी मासे मागवतोय, प्रत्येक हंडीत लागतील. शिकारखान्यात त्यांचं वेगळं खातं काढू. तुम्ही त्याचे मुख्य."

"हाताखाली माणसं?"

"गोगलगाई आहेत की."

बळवंतरावांनी हंडीतल्या गोगलगाई मोजून बघितल्या. तरी मुख्य हा शब्द कानाला बरा लागला होता, म्हणून हिंमत करून त्यांनी एवढंच विचारलं, की या जागेवर पुढे बढती वगैरे कधी मिळते. सरदारांनी हंडीकडे बोट दाखवलं. पांढऱ्या पट्ट्याची गोगलगाय तळापासून काच चढायला निघाली होती.

"ती वर पोचली की बघू," ते म्हणाले.

बळवंतराव हात बांधून बघत उभे राहिले. ती अर्ध्यावर आली, थांबली, दोन्ही शिंगं बाहेर काढून तिनं इकडेतिकडे पाहिलं, आणि सावकाश परत खाली निघाली.